थंडीच्या नावावर पावसाळ्याची बाकी

मुंबईच्या उपनगरांतील थंडीची सरकारी नोंद सांताक्रूझच्या वेधशाळेत होते, आणि ही वेधशाळा विमानतळाच्या परिसरात, म्हणजे विलेपार्ल्याला जवळजवळ खेटून असल्यामुळे तिचा पारा हा पार्ल्याचाच पारा मानण्यास हरकत नाही. जानेवारीतील तेथील सरासरी किमान तापमान १६ ते १७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. २२ जानेवारी १९६२ रोजी ते ७.४ अंशांपर्यंत उतरले होते, आणि तो तेथील नीचांक मानला जातो. मोटारसायकलच्या इंजिनाच्या दृष्टीने हे आकडे अगदी सौम्य आहेत, कारण ज्याचे सर्व भाग ठीक आहेत असे पेट्रोल इंजिन १६ अंशांतच काय, शून्य अंशातही थोड्या प्रयत्नाने सुरू होते. असे असूनही दर वर्षी मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत पार्ल्यातील गॅरेजांपुढे सकाळी ढकलत आणलेल्या मोटारसायकली उभ्या राहतात, आणि त्यांचे मालक एकमुखाने थंडीला दोष देतात. प्रस्तुत लेखकाचे आयुष्य पार्ले पूर्वेच्या एका लहान गॅरेजात अशाच गाड्या सुरू करण्यात गेले असून, त्या कामातून त्याचे बनलेले मत असे आहे की पार्ल्यात थंडीच्या नावावर जे मांडले जाते ती बहुतांशी पावसाळ्याची राहिलेली बाकी असते.

हे मत पारखून घ्यायचे तर इंजिन सुरू होते तेव्हा काय घडते हे आधी पाहावे लागते. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे योग्य मिश्रण आले पाहिजे, पिस्टनने ते पुरेसे दाबले पाहिजे, आणि नेमक्या क्षणी प्लगने ठिणगी दिली पाहिजे. या तिन्हींना गॅरेजच्या बोलीत अनुक्रमे पेट्रोल, प्रेशर आणि करंट म्हणतात. यांपैकी पेट्रोलवर थंडीचा परिणाम सर्वांत थेट होतो. पेट्रोल हा एकच पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक कमी तापमानालाही वाफ होऊन उडतात, जड घटकांना मात्र उष्णता लागते. द्रवरूप पेट्रोल पेटत नाही, त्याची वाफ पेटते, आणि थंड इंजिनात कार्बोरेटरमधून निघालेल्या पेट्रोलचा बराच भाग वाफ न होता आत जाणाऱ्या नळीच्या थंड भिंतींवर ओला थर होऊन बसतो. वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण मानले जाते. परंतु थंड इंजिनात तेवढे पेट्रोल सोडूनही प्लगपाशी पोहोचणारे मिश्रण विरळ ठरते, म्हणजे त्यात हवा जास्त आणि वाफ कमी असते. चोक ही या तुटीवरची योजना आहे. हवेची वाट अरुंद करून किंवा पेट्रोलची एक जादा वाट उघडून ती मिश्रण मुद्दाम दाट करते, जेणेकरून त्यातील थोडाच अंश वाफ झाला तरी तो पेटण्यास पुरावा.

जुन्या गाड्यांत ही योजना हाताने अमलात आणावी लागे. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीच्या जावा आणि येझदी या गाड्यांच्या कार्बोरेटरवर एक लहानसे बटण असे. ते दाबले की कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग, ज्याला फ्लोट म्हणतात, तो खाली दाबला जाई, वाटीत जादा पेट्रोल भरे, आणि ते बाहेर पाझरू लागले की किक मारायची अशी रीत होती. बजाजची स्कूटर सकाळी सुरू होत नसली की ती एका बाजूला आडवी करून पुन्हा उभी करण्याची जी पद्धत मुंबई-पुण्याच्या एका सबंध पिढीच्या अंगवळणी पडली होती, तिच्यामागेही हेच तत्त्व होते, कारण आडव्या स्कूटरच्या वाटीतील पेट्रोल जेटवरून ओसंडून आत उतरे आणि मिश्रण आपोआप दाट होई. या कृतीची नंतर पुष्कळ थट्टा झाली. ती झाली नसती तर बरे, कारण हजारो साध्या माणसांनी कोणतेही पुस्तक न वाचता शोधलेला तो एक अचूक उपाय होता. मात्र त्या उपायाने खरा दोष झाकलाही जाई. जी स्कूटर रोज आडवी करावी लागे, तिच्या कार्बोरेटरमधील स्लो जेट, म्हणजे इंजिन मंद गतीने फिरत असताना पेट्रोल पुरवणारे अतिशय बारीक छिद्र, बहुधा कचऱ्याने अर्धे बुजलेले असे, आणि तो कचरा बोटावर घेऊन पाहिला तर त्यात गंजाचे तांबूस कण दिसत. गंज टाकीतून आलेला असे आणि टाकीत तो पाण्याने आणलेला असे.

पार्ल्यातील बहुसंख्य मोटारसायकली सोसायटीच्या उघड्या आवारात किंवा रस्त्याच्या कडेला उभ्या असतात. जून ते सप्टेंबर या महिन्यांत टाकी अर्धी रिकामी असेल तर आतल्या दमट हवेतील पाणी रात्री पत्र्यावर थेंबांनी जमते, आणि झाकणाचे रबर कडक झाले असेल तर पाऊस झाकणाभोवतीच्या खाचेतून सरळ आत उतरतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी बसते आणि पत्रा तिथून गंजू लागतो. त्यातले थोडे पाणी पेट्रोल कॉकमधून, म्हणजे टाकीखालच्या तोटीतून, कार्बोरेटरच्या वाटीत जाऊन पुन्हा तळाशी बसते, आणि जेटचे तोंडही तळाशीच असल्यामुळे पहिल्या किकेला इंजिनाच्या वाट्याला पेट्रोलाऐवजी पाण्याचा थेंब येतो. जुहूचा समुद्र जवळ असल्यामुळे या दमट हवेत मीठ असते. ते तांब्या-पितळेच्या जोडांवर हिरवट पांढरा थर चढवते, प्लग कॅपच्या आत शिरते, आणि अशा प्रत्येक जोडापाशी थोडा थोडा विद्युत्दाब अडून राहिल्यामुळे प्लगपर्यंत पोहोचणारी ठिणगी अशक्त होत जाते. भिजून वाळलेला एअर फिल्टर धुळीने चोंदतो. पावसात गाडी कमी चालते, चालली तरी दिवे लावून रस्त्यावरील गर्दीत रांगत चालते, त्यामुळे बॅटरी पुरती भरत नाही.

यांपैकी कोणताही दोष एकटा गाडी बंद पाडण्याइतका मोठा नसतो, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात पहाटेचे तापमान २५ अंशांच्या आसपास असताना पेट्रोलची वाफ इतकी सहज होते की अशक्त ठिणगीलाही ती पेटवता येते, अर्धे बुजलेले जेटही पुरते, आणि मालकाला आपली गाडी उत्तम असल्याचे समाधान मिळते. जानेवारीत पारा आठ-दहा अंशांनी उतरतो तेव्हा ही सवलत संपते. थंडी कोणताही भाग बिघडवत नाही. आधीच बिघडलेले चार भाग ज्या उबेच्या भरवशावर निभावून नेत होते ती ऊब तेवढी काढून घेते. म्हणून थंडीत बंद पडलेल्या गाडीचा केवळ प्लग बदलून ती चालू करून देणारा मेकॅनिक मालकाला दोन-तीन आठवड्यांची उसनी मुदत मिळवून देतो. नव्या प्लगने ठिणगी थोडी सुधारते, बाकीचे तीन दोष तसेच राहतात, आणि पुढच्या थंडीच्या लाटेत तीच गाडी पुन्हा ढकलत यावी लागते.

या समजुतीला ठोस आधार मिळाला तो २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला, आणि पार्ले-सांताक्रूझ-अंधेरीच्या सखल भागांतील असंख्य मोटारसायकली हँडलपर्यंत पाण्यात बुडाल्या. पुढचे कित्येक आठवडे गॅरेजांतून एकच काम चालले होते: प्लग काढून किक मारीत सिलिंडरमधील पाणी बाहेर फेकायचे, पाणी मिसळून दुधी झालेले ऑइल काढून नवे भरायचे, थोडे चालवून तेही काढायचे आणि पुन्हा भरायचे, टाकी व कार्बोरेटर धुऊन वाळवायचे. गणपतीपर्यंत बहुतेक गाड्या रस्त्यावर आल्या आणि संकट संपले असे सर्वांना वाटले. परंतु डिसेंबर उजाडल्यावर, पहिल्या गार पहाटेपासून, त्याच गाड्या परत येऊ लागल्या. त्यांच्यातील एक गाडी एका शिक्षकाची होती. कार्बोरेटर साफ झाला होता, प्लग नवा होता, इग्निशन कॉइल, म्हणजे बॅटरीचा अल्प दाब हजारो व्होल्टपर्यंत वाढवणारे वेटोळे, तेही एका गॅरेजात बदलून झाले होते, तरी सकाळी गाडी हूं की चूं करीत नसे आणि दुपारी ऊन लागल्यावर मात्र सहज सुरू होई. अखेरीस टाकी उतरवून चासीवर जिथे अर्थची तार बोल्टने आवळलेली असते ती जागा तपासली, तेव्हा बोल्टखाली गंजाचा जाड पापुद्रा निघाला. अर्थ म्हणजे विद्युत्प्रवाहाची परतीची वाट. ती अर्धवट बंद असल्यामुळे ठिणगी जेमतेम पडत होती, आणि उबदार दुपारी जेमतेम ठिणगी पुरत असल्यामुळे दोष कोणाच्या हाती लागत नव्हता. पॉलिश पेपरने ती जागा घासून बोल्ट पुन्हा आवळण्याला लागला तो वेळ चहा गार होण्याइतकाही नव्हता. त्या हिवाळ्यापासून या गॅरेजात थंडीने बंद पडलेल्या प्रत्येक गाडीच्या मालकाला पहिला प्रश्न विचारला जाऊ लागला, तो म्हणजे गाडी पावसाळ्यात कुठे उभी होती.

प्रश्न विचारणे हा या कामाचा अर्धा भाग आहे, आणि शिकाऊ मुलांना तो शिकवणे सर्वांत अवघड जाते, कारण पाना हाती आला की मुलाला तो चालवावासा वाटतो. पेट्रोल शेवटचे कधी भरले, गाडी किती दिवस उभी होती, किक मारल्यावर पेट्रोलचा वास येतो का, गाडी सुरू होऊन बंद पडते की सुरूच होत नाही, सेल्फ मारताना दिवा मंदावतो का, एवढ्या प्रश्नांच्या उत्तरांतून तपासाची दिशा ठरते. सुरू होऊन लगेच बंद पडणारी गाडी ठिणगी देत असते आणि प्रेशरही धरून असते, तेव्हा दोष पेट्रोलच्या वाटेवर शोधायचा. वास भरपूर येतो आणि तरीही एकही भडका उडत नाही, तेव्हा प्लगकडे वळायचे. प्लग बाहेर काढला की तो स्वतःच बोलतो. कोरडा प्लग पेट्रोल पोहोचत नसल्याचे सांगतो, ओला प्लग पेट्रोल पोहोचूनही पेटत नसल्याचे सांगतो, काजळीने माखलेला प्लग मिश्रण बरेच दिवस दाट असल्याचे सांगतो, आणि टोकाला फिकट तपकिरी रंग असलेला प्लग आपल्यापाशी काही तक्रार नसल्याचे सांगतो. ठिणगी पाहण्यासाठी प्लग कॅपमध्ये बसवून इंजिनाच्या धातूला टेकवतात आणि किक मारतात. निळी, टणक ठिणगी चांगली आणि पिवळसर, विस्कटलेली ठिणगी वाईट, असा ठोकताळा आहे. या परीक्षेत एक फसगत असते आणि ती समजायला पुष्कळ काळ जावा लागतो. मोकळ्या हवेत ठिणगीला उडी मारणे सोपे असते, सिलिंडरमधील दाबलेल्या मिश्रणातून तीच उडी मारायला कितीतरी जास्त विद्युत्दाब लागतो, त्यामुळे बाहेर बरी दिसणारी ठिणगी आत विझलेली असू शकते. प्लगभोवती सांडलेले पेट्रोल आधी पुसले नाही तर याच परीक्षेत आग लागते, हेही शिकाऊ मुलाला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे.

विमानतळावर पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या कामगारांच्या गाड्या या व्यवसायाला फार काही शिकवून गेल्या आहेत, कारण त्यांची वेळ ही दिवसातील सर्वांत गार वेळ असते आणि उशिराची सूट त्यांना नसते. अशा एका तरुणाने चोक ओढून, ॲक्सिलरेटर पिळीत, घामाघूम होईपर्यंत किक मारल्या होत्या, आणि गॅरेज उघडले तेव्हा तो अक्षरशः रडकुंडीला आलेला होता. गाडीत मुळात दोष अगदी किरकोळ होता, प्लग कॅप सैल बसली होती. परंतु न पेटलेले पेट्रोल प्रत्येक किकेबरोबर सिलिंडरमध्ये साठत जाऊन प्लग भिजून गेला होता, आणि ओल्या प्लगवर विद्युत्प्रवाह उडी न मारता ओलाव्यावरून सरकून जातो. याला गाडी ओव्हर होणे म्हणतात. पेट्रोल कॉक बंद करून, चोक सारून, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा धरून काही किका मारल्या की आत शिरणाऱ्या भरपूर हवेने साठलेले पेट्रोल निघून जाते. तेवढ्याने न भागल्यास प्लग काढून पुसून, वाळवून पुन्हा बसवावा लागतो. सेल्फ स्टार्ट असलेल्या गाडीत हीच घाई बॅटरीवर उठते. बटण चार-पाच सेकंदांहून अधिक दाबून धरू नये आणि दोन प्रयत्नांत बॅटरीला सावरायला वेळ द्यावा, हा नियम सर्वांना माहीत असतो आणि पाळीची वेळ टळू लागली की कोणालाच आठवत नाही. नोकरीच्या भीतीने केलेल्या या घाईला दोष देण्याचा अधिकार गॅरेजात उभ्या असलेल्या माणसाला नाही. त्याने फक्त गाडी अशी करून द्यावी की ती घाई करण्याची वेळच येऊ नये.

प्रेशरचा दोष सर्वांत उशिरा ओळखू येतो, कारण तो वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. पिस्टनवरील रिंगा झिजल्या की दाबलेले मिश्रण त्यांच्या कडेने खाली निसटते; रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल ओघळून गेलेले असते, त्यामुळे सकाळी ही गळती सर्वांत जास्त असते. टॅपेटमधील फट, म्हणजे वाल्व्ह आणि तो उघडणारा दांडा यांच्यात मुद्दाम ठेवलेले अंतर, शून्यावर आली तर वाल्व्ह आपल्या जागी पूर्ण बसत नाही आणि प्रेशर तिथूनही जाते. हिरो होंडाच्या छोट्या इंजिनांत हे अंतर थंड असताना अवघे ०.०५ मिलिमीटर ठेवायचे असते, म्हणून ते फिलर गेजने मोजावे लागते, अंदाजाने ठेवता येत नाही. रिंग आणि वाल्व्ह यांपैकी दोषी कोण हे ठरवण्याची जुनी रीत अशी की प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल आत सोडायचे; त्यानंतर प्रेशर वाढले तर गळती रिंगांतून होती, कारण ऑइलने ती फट तात्पुरती भरली, आणि काहीच फरक पडला नाही तर वाल्व्ह पाहायचे.

पार्ल्यातील एका निवृत्त प्राध्यापकांकडे जुनी बुलेट होती. त्या काळच्या बुलेटची किक मारणे ही विद्याच असे: आधी अँपिअर मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळू दाबायची, म्हणजे पॉइंट, अर्थात ठिणगीसाठी विद्युत्प्रवाह तोडणारा संपर्क, उघडल्याचे आणि पिस्टन दाबाच्या शिखराजवळ आल्याचे कळते, मग डिकॉम्प्रेशन लिव्हर, जो वाल्व्ह किंचित उघडून दाब सोडतो, तो धरून पिस्टन शिखराच्या जरा पुढे न्यायचा, लिव्हर सोडायचा आणि मगच पूर्ण किक द्यायची. ही रीत चुकली तर पेडल उलटे फिरून घोट्यावर बसे. हे गृहस्थ काही वर्षे आनंदाने सांगत असत की सरावाने म्हणा किंवा गाडी मुरल्यामुळे म्हणा, किक आता पूर्वीपेक्षा हलकी लागते आणि या वयात तेवढा आधार बरा वाटतो. एका जानेवारीत गाडी पहाटे सुरू होईना, दुपारी होई, आणि तपासणीत रिंगा पार झिजलेल्या आढळल्या. हलकी झालेली किक हे निसटून गेलेले प्रेशर होते. सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून किंचित मोठा कातून, नवा पिस्टन बसवल्यावर किक पहिल्यासारखी जड झाली आणि गाडी पहिल्यासारखी सुरू होऊ लागली. त्यानंतर ती मारण्याचे काम त्यांच्या मुलीने घेतले.

थंडी खरोखर कारण असते अशा जागाही आहेत, आणि त्या पाहिल्याशिवाय पार्ल्याची थंडी किती निर्दोष आहे हे पटत नाही. महाराष्ट्रातच निफाडच्या परिसरात हिवाळ्यात पारा इतका उतरतो की द्राक्षबागायतदार घड वाचवण्यासाठी रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. तरीही तेथील शेतावर उघड्यावर उभी असलेली, वेळच्या वेळी निगा राखलेली शंभर सीसीची मोटारसायकल पूर्ण चोक दिल्यावर सकाळी सुरू होताना पाहायला मिळते. निफाडची हवा कोरडी आहे, हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे. त्याहून कठोर परीक्षा लडाखच्या वाटेवर होते. पार्ल्यातून बुलेटी घेऊन लेहला जाणाऱ्या तरुणांची एक लाटच मध्यंतरी आली होती, आणि अशा एका जथ्याबरोबर गाड्यांची देखभाल करण्यासाठी प्रस्तुत लेखकाचे जाणे झाले. मनाली-लेह रस्त्यावरील सारचू हा मुक्काम सुमारे ४,३०० मीटर उंचीवर आहे. सप्टेंबरातल्या तेथील पहाटे सीटवर बर्फाचा पापुद्रा धरला होता, आणि मुंबईच्या सवयीने प्रत्येकाने पूर्ण चोक ओढून किक मारायला सुरुवात केली. एकही गाडी सुरू झाली नाही, आणि काढलेला प्रत्येक प्लग पेट्रोलने निथळत होता.

कारण उंचीत होते. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच उरतो. कार्बोरेटरचे जेट मात्र पार्ल्यात होते तेवढ्याच छिद्राचे असते, म्हणून पेट्रोल जवळपास तेवढेच येते आणि हवा फार कमी येते, मिश्रण मुळातच दाट असते. थंडी दाट मिश्रण मागते आणि उंची ते न मागता देते. त्यावर आणखी चोक दिला की प्लग बुडतो. शिवाय ऑइलही आडवे आले होते. ऑइलच्या डब्यावरील २०डब्ल्यू-५० अशा आकड्यात डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे असून त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितके ऑइल थंडीत पातळ राहते. मुंबईच्या उन्हाळ्याला साजेसे २०डब्ल्यू ऑइल तेथे इतके घट्ट झाले होते की क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटून बसल्या होत्या आणि किक अर्ध्यावर अडत होती. प्लग पुसून तंबूतल्या स्टोव्हजवळ ऊब देऊन कोरडे केले, क्लच दाबून किक अनेकदा हळू फिरवून ऑइल मोकळे केले, चोक अगदी थोडा किंवा मुळीच न देता आणि ॲक्सिलरेटर किंचित उघडा ठेवून प्रयत्न केला, तेव्हा गाड्या एकामागून एक सुरू झाल्या. ज्यांना सेल्फ स्टार्ट होता त्यांनी पुढच्या मुक्कामापासून बॅटरी काढून रात्री तंबूत जवळ घेऊन झोपण्याची पद्धत ठेवली, आणि ती योग्यच होती, कारण लेड-ॲसिड बॅटरीची क्षमता २५ अंशांच्या मानाने शून्य अंशाला सुमारे एक पंचमांशाने घटते. पार्ल्याच्या १६ अंशांना ही घट नगण्य असते; तेथे जानेवारीत बॅटरी बसली तर ती जुनी झालेली तरी असते किंवा उपाशी तरी. नियम पाठ असणे आणि तो कशासाठी आहे हे ठाऊक असणे यांतला फरक सारचूच्या त्या पहाटेने जितका स्पष्ट केला तितका गॅरेजातल्या कोणत्याही दिवसाने केला नव्हता, आणि त्यानंतर चोक कसा ओढायचा हे सांगण्याआधी तो काय करतो हे सांगण्याची सवय कायमची लागली.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ही प्रदूषणाची मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ नाहीसा झाला. आता इंजिनाचे तापमान एक सेन्सर मोजतो, ते गाडीतल्या छोट्या संगणकाला कळवतो, आणि तो संगणक इंजेक्टरमधून किती पेट्रोल फवारायचे हे ठरवतो. चोक ओढण्याची गरज उरली नाही, अनेक गाड्यांत किकही उरली नाही. हा बदल हितकारकच आहे, पण त्याने सारा भार बॅटरीवर टाकला, कारण पेट्रोल पंप, संगणक, इंजेक्टर आणि ठिणगी या सर्वांना वीज तीच पुरवते. चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाचा बारीक गुणगुणाट ऐकू आला पाहिजे. तो ऐकू येत नसेल किंवा दमलेला वाटत असेल तर सेल्फ मारण्याआधी बॅटरी मोजावी. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्ट किंवा थोडी अधिक दाखवते, आणि सेल्फ मारताना ती १० व्होल्टच्या बरीच खाली घसरत असेल तर थंडीला बोल लावण्यात अर्थ नाही. पूर्वी धक्का मारून गाडी सुरू करता येई. पार बसलेल्या बॅटरीच्या इंजेक्शनवाल्या गाडीला कितीही धक्के मारले तरी बहुधा उपयोग होत नाही, आणि ज्येष्ठ ग्राहकांना हे पटवताना फार वाईट वाटते, कारण त्यांच्या हातातले एक कौशल्य त्यामुळे निकामी झालेले असते.

त्याच वर्षी मार्चअखेरपासून टाळेबंदीत गाड्या महिनोन्‌महिने उभ्या राहिल्या, आणि पावसाळाही त्यांनी तसाच उभ्याने काढला. टाकीतील पेट्रोलचे हलके घटक उडून गेले होते, मागे उरलेल्या जड घटकांची थंडीत वाफ होत नाही, आणि जुन्या गाड्यांच्या जेटमध्ये तर पेट्रोल आटून त्याचा चिकट वार्निशसारखा थर बसला होता. डिसेंबरात आलेल्या अनेक गाड्यांना टाकी रिकामी करून ताजे पेट्रोल भरणे एवढाच उपाय पुरला. आता पेट्रोलमध्ये इथेनॉलही असते. देशभरात १० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठले गेले आणि २०२५ मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल पाणी शोषून घेते, त्यामुळे पावसाळ्यात टाकीत शिरलेले थोडे पाणी त्यात विरघळून इंजिनातून निघूनही जाते, हा त्याचा गुण आहे. परंतु पेट्रोल-इथेनॉलच्या मिश्रणात किती पाणी विरघळून राहू शकते हे तापमानावर अवलंबून असते, आणि तापमान उतरले की ही मर्यादाही उतरते. मर्यादेच्या काठावर असलेले मिश्रण गार रात्री फुटते, इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात, आणि पहाटे पहिला घोट इंजिन तळातूनच घेते. पावसाचे पाणी थंडीत उघडे पडण्याची जी गोष्ट पूर्वी गंजातून आणि जोडांतून घडत असे, ती आता खुद्द पेट्रोलमध्येही घडू शकते.

म्हणून या गॅरेजात थंडीची तयारी ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरला की लगेच केली जाते. टाकीच्या झाकणाचे रबर पाहिले जाते आणि कॉक उतरवून तळातले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ उभे ठेवतात, म्हणजे पाणी असल्यास खाली वेगळे दिसते. कार्बोरेटर असेल तर वाटीखालचा स्क्रू सोडून तीही रिकामी करतात. प्लग कॅप उघडून आतला थर घासतात, टाकीखालचा अर्थचा बोल्ट काढून घासून आवळतात आणि जोडांना पेट्रोलियम जेली लावतात. बॅटरी रात्रभर चार्जरवर लावून सकाळी मोजतात, आणि जुन्या गाड्यांच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगल्या किंवा चिरल्या असतील तर बदलतात. या कामात नवे भाग फारसे लागत नसल्यामुळे त्यात गॅरेजाला मिळकत थोडी होते, आणि गाडी व्यवस्थित चालत असताना ती आत का आणायची असे ग्राहकांपैकी पुष्कळांना वाटते. त्यांना बाटलीच्या तळाशी साचलेले पाणी दाखवणे हा एकच युक्तिवाद आजवर उपयोगी पडला आहे.